थंडीच्या नावानं खडे फोडू नकोस

पोरी, संक्रांतीच्या सुमाराला सकाळी सहा-साडेसहाला "काका, ट्रॅक्टर चालू होईना" असा फोन आला, की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: गेल्या मे महिन्यात बॅटरीतलं पाणी कुणी बघितलं होतं का? समोरचा गोंधळतो. बाहेर धुकं पडलंय, हात गारठलेत आणि काका उन्हाळ्याचं काय विचारतात, असं त्याला वाटतं. पण हैदराबादच्या आसपास गार इंजिन चालू न होण्याची जी कारणं मी आजवर बघितली, त्यांतली बहुतेक उन्हाळ्यात नाहीतर पावसाळ्यात जन्मलेली होती. थंडीनं ती फक्त उघडी पाडली. शंकरपल्लीकडचं शेत आता तू बघणार, लहान ट्रॅक्टर तुझ्या हाती आलाय, म्हणून राणीगंजच्या वर्कशॉपांत उस्ताद लोकांकडून जे कानावर आलं आणि हातानं करून खरं ठरलं, ते तुझ्या कानी घालतो.

आधी आपल्याकडच्या थंडीचा हिशेब मांडू. शहरात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा साधारण १२ ते १५ अंशांत असतो. पटानचेरू, राजेंद्रनगर अशा मोकळ्या माळावर तो १० च्या खालीही उतरतो. जहीराबादकडचं कोहीर किंवा आपली मराठी माणसं भरपूर असलेला आदिलाबादचा मुलूख घेतला, तर एखाद्या कडक रात्री ६-७ अंश. एवढ्या थंडीत डिझेल गोठत नाही. भारतीय मानक आयएस १४६० प्रमाणे हिवाळ्यात पंपावर मिळणारं डिझेल ६ अंशांपर्यंत तरी फिल्टरमधून नीट गेलं पाहिजे. लडाखची गोष्ट वेगळी. तिथल्यासाठी इंडियन ऑइलनं २०१९ साली उणे ३३ अंशांपर्यंत वाहणारं खास डिझेल काढलं. आपल्याला त्याची गरज नाही.

मात्र याच मानकात उन्हाळी डिझेलची मर्यादा १८ अंश दिली आहे. याचा अर्थ नीट लक्षात घे. एप्रिलमध्ये स्वस्तात मिळालं म्हणून कुणी ड्रम भरून ठेवला आणि तेच डिझेल जानेवारीच्या पहाटे टाकीत ओतलं, तर त्यात मेणाचे बारीक कण धरू शकतात आणि फिल्टरवर पातळ थर बसू शकतो. ऊन चढलं की ट्रॅक्टर आपोआप चालू होतो आणि खोट कुठं होती ते कुणालाच कळत नाही. म्हणून उन्हाळ्यातलं डिझेल हिवाळ्यापर्यंत साठवायचं नाही. नोव्हेंबर लागला की टाकीत ताजं डिझेल हवं.

आता इंजिन पेट कसं घेतं ते समजून घे, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. सायकलच्या पंपानं हवा भरताना पंपाचं खालचं टोक गरम लागतं ना, तेच इथं शंभर पटीनं होतं. पेट्रोल इंजिनासारखी ठिणगी डिझेलला नसते. पिस्टन हवा सोळा ते बावीस पटीनं दाबतो, ती दाबाने तापते आणि त्या तापल्या हवेत डिझेलचा फवारा पडला की भडका होतो. आता इंजिन गार असलं आणि सेल (स्टार्टर) मंद फिरला, तर दाबलेल्या हवेची ऊब गार लायनरला आणि हेडला निघून जाते. काही हवा रिंगांच्या फटीतून खाली निसटते. फवारा पडतो, पण पेटायला ऊब उरलेली नसते. म्हणजे गार इंजिनाला तीन गोष्टी लागतात: फिरण्याचा वेग, कोंडलेली हवा आणि वेळेवर स्वच्छ डिझेल. मिनिटाला दीडशे ते अडीचशे फेरे तरी पडले पाहिजेत. कान तयार झाला की हा वेग आवाजावरून कळतो. चांगल्या बॅटरीवर सेल "खर्र" करून एका दमात फिरतो. कमजोर बॅटरीवर तो प्रत्येक दाबाला अडखळतो, "घुं… घुं… घुं".

म्हणून सुरुवात बॅटरीपासून. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४०-४२ वर जातो, बॉनेटखाली त्याहून जास्त. त्या उष्णतेनं बॅटरीतलं पाणी उडतं, प्लेटा उघड्या पडतात आणि उघड्या पडलेल्या भागाची ताकद पुन्हा येत नाही. उन्हाळ्यात मात्र हे लक्षात येत नाही, कारण गरम इंजिन अर्ध्या ताकदीवरही चालू होतं. जानेवारीत ऑइल घट्ट, इंजिन जड, बॅटरीचीही ताकद थंडीनं थोडी कमी, तेव्हा उरलेली अर्धी ताकद पुरत नाही. मार्च ते जून दर पंधरा दिवसांनी झाकणं उघडून बघ. पाणी प्लेटांच्या वर बोटभर नको, १०-१२ मिलिमीटर पुरे. घालायचं ते फक्त डिस्टिल्ड वॉटर. आपल्या भागातलं बोअरचं पाणी क्षारांचं. ते बॅटरीत घालणं म्हणजे पुढच्या वर्षी नवी बॅटरी घेणं. आणि पाणी कमी झालं म्हणून अॅसिड कधी घालायचं नाही. उडतं ते पाणी, अॅसिड आत राहतं.

एक हायड्रोमीटर घेऊन ठेव. स्वस्त मिळतो. बॅटरी भरलेली असली की तो १.२५० ते १.२८० दाखवतो, १.१८० च्या आसपास आला की ती निम्म्याहून खाली गेली. सगळ्या खणांचा आकडा सारखा हवा. पाच खणांत १.२५० आणि एकात १.१५० दिसलं, तर तो खण मेला. मग कितीही चार्ज कर, उपयोग नाही. सीलबंद बॅटरी असेल तर मल्टिमीटर लाव. रात्रभर उभ्या ट्रॅक्टरच्या बॅटरीत १२.६ व्होल्ट असले तर छान, १२.४ च्या खाली असले तर चार्जिंगला लाव. सेल मारताना दुसऱ्या कुणाला मीटर बघायला सांग. आकडा ९.५ च्या खाली कोसळला तर बॅटरी नाहीतर सेल, दोहोंपैकी एक दुखणं आहे.

तुझ्यासारख्या लहान शेतात आणखी एक अडचण असते. भाजीचे क्रेट गोठ्यापासून रस्त्यापर्यंत न्यायचे, दहा मिनिटं चालवायचं, बंद करायचं. पुन्हा तासाभरानं तेच. सेल मारताना बॅटरीतून जे गेलं ते दहा मिनिटांत डायनॅमो परत भरू शकत नाही. त्यावर पोरांनी मोठा स्पीकर, चार जादा लाइट आणि मोबाइल चार्जर जोडलेले असतात. अशा ट्रॅक्टरला हिवाळ्यात महिन्यातून एकदा घरच्या चार्जरवर रात्रभर लावावं लागतं. मेन स्विच नसेल तर बसवून घे. काम संपलं की तो काढायचा.

आणि आता एक गोष्ट हातानं करून बघ. ट्रॅक्टर न्यूट्रलमध्ये, स्टॉप नॉब ओढलेला, म्हणजे इंजिन पेट घेणार नाही. कुणाला तरी सात-आठ सेकंद सेल मारायला सांग. लगेच बॅटरीच्या दोन्ही टर्मिनलांवर, सेलच्या मोठ्या बोल्टवर आणि चॅसिसला जिथं काळी वायर आवळली आहे तिथं हात लावत जा. चारही जागा गार असतील तर वायरिंग ठीक. एखादी जागा कोमट किंवा चटका देणारी लागली, तर तिथं गंज आहे किंवा नट सैल आहे. सेलसाठी असलेली वीज तिथंच उष्णता होऊन वाया जातेय. ती जागा उघड, पॉलिश पेपरनं धातू चमकेपर्यंत घास, घट्ट आवळ आणि वरून व्हॅसलीन लाव. नव्या बॅटरीवर खर्च करून आलेल्या कितीतरी लोकांचं दुखणं अखेर चॅसिसच्या रंगावर आवळलेल्या अर्थिंगच्या वायरीत निघालेलं मी बघितलंय. बॅटरीवाला हे सांगत नाही. त्याला बॅटरी विकायची असते.

चालू करण्याची रीत एकदा अंगी बाणव, मग ती मोडू नकोस. सीटवर बसूनच चावी फिरवायची. खाली उभं राहून, टायरजवळून हात घालून सेल मारायचा नाही, आणि स्क्रू ड्रायव्हरनं सेलचे दोन बोल्ट जोडून तर कधीच नाही. चावी बिघडली म्हणून असं करताना ट्रॅक्टर गिअरमध्ये असला तर मागचं चाक अंगावरून जातं. माणसाला बाजूला व्हायला वेळ मिळत नाही. गावोगावी हे घडतं आणि दरवेळी म्हणतात, रोजच करायचा तो असं. गडी करत असेल तर त्यालाही थांबव. चावीचा स्विच बदलायला येणारा खर्च त्यापुढं काहीच नाही.

बसल्यावर गिअर न्यूट्रल, पीटीओ बंद, हायड्रॉलिकचा दांडा खाली, स्टॉप नॉब आत ढकललेला. क्लच पूर्ण दाबून धर. गार सकाळी गिअर बॉक्समधलं तेल मधासारखं दाट झालेलं असतं, क्लच दाबला की सेलला ते तेल घुसळावं लागत नाही. एवढ्यानंच कमजोर बॅटरीवरचा ट्रॅक्टर चालू झालेला मी बघितलाय. अॅक्सिलरेटर एक तृतीयांश ते अर्धा. हीटर असेल तर पुस्तकात लिहिलेत तेवढे सेकंद द्यायचे. बहुतेक लहान इंजिनांना १० ते २० पुरतात. मग सेल. दहा सेकंदांत नाही घेतलं तर सोडायचं, निदान अर्धं मिनिट थांबायचं, हीटर पुन्हा द्यायचा, मग दुसरा प्रयत्न. सलग पाऊण मिनिट सेल मारत राहणारा माणूस बॅटरी आणि सेल दोन्ही एकाच सकाळी घालवतो. चालू झाल्यावर ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत अॅक्सिलरेटर हलवायचा नाही. दोन-तीन मिनिटं हळू चालू दे, मग हलक्या कामाला लाव. अर्धा तास उभ्या उभ्या चालू ठेवणंही चांगलं नाही, त्यानं इंजिन तापत नाही आणि काजळी धरते.

आता तिसऱ्या प्रयत्नालाही नाही घेतलं, समज. तेव्हा बॉनेट उघडायच्या आधी सायलेन्सरकडे बघायचं. राणीगंजचे जुने मिस्त्री दख्खनीत म्हणायचे, "धुआँ झूट नै बोलता." सेल फिरतोय, वेग चांगला आहे आणि सायलेन्सरमधून काहीच येत नाही, तर डिझेल आत पोचतच नाही. हीटर, कॉम्प्रेशन यांचा विचारसुद्धा करू नकोस. पांढरा धूर येतोय, डोळ्यांना झोंबतोय, कच्च्या डिझेलचा वास येतोय, तर डिझेल पोचतंय पण जळत नाही. मग ऊब कमी पडतेय: सेल मंद, हीटर गेलेला, कॉम्प्रेशन कमी किंवा नोझल फवारा सोडण्याऐवजी थेंब गाळतोय. काळा धूर म्हणजे हवा कमी, एअर क्लिनर बघ. निळा म्हणजे ऑइल वर येऊन जळतंय, ते दुखणं आजचं नाही आणि आज सकाळी सुटणारही नाही. एवढी परीक्षा केलीस तरी निम्मा दिवस वाचतो.

धूरच नसेल तेव्हा आधी टाकीचा कॉक आणि स्टॉप नॉब बघ. हसू नकोस, काल संध्याकाळी बंद करताना ओढलेला नॉब आत ढकलायचा राहून गेलेला असतो आणि मिस्त्री शंकरपल्लीहून येतो. काही ट्रॅक्टरांना नॉबऐवजी विजेवर चालणारा स्टॉप सोलेनॉइड असतो. चावी दिल्यावर त्याचा "टक" आवाज यायला हवा.

ते ठीक असेल तर डिझेलनं एअर धरली आहे. याचं एक ठरीव लक्षण आहे. सकाळी ट्रॅक्टर चालू होतो, दोन-चार सेकंद चालतो आणि धापा टाकत बंद पडतो. दिवसभर मात्र काही त्रास नाही. म्हणजे रात्री कुठल्या तरी बारीक फटीतून हवा शिरली आणि नळीतलं डिझेल मागं टाकीत उतरलं. फट बहुधा टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या रबरी नळीत असते. तिथं डिझेल ओढलं जातं, दाब नसतो, म्हणून फटीतून डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत जाते. नळी बाहेरून कोरडी दिसते आणि सगळे फसतात. क्लिपजवळ नळी वाकवून बघ. रबराला बारीक चिरा दिसल्या तर बदल. आपल्या उन्हात रबर दोन-तीन वर्षांत तडकतं. बांजो बोल्टखालचे तांब्याचे वायसर एकदा उघडले की नवे घाल. जुना दाबलेला वायसर पुन्हा नीट बसत नाही.

एअर काढायचं काम तुला यायलाच हवं. ५० हॉर्सपॉवरच्या वरच्या ट्रॅक्टरांना जानेवारी २०२३ पासून धुराचे नवे कडक नियम लागू झाले आणि त्यांत कॉम्प्युटरवर चालणारी यंत्रणा आली. लहान ट्रॅक्टरांना ते लागू नाहीत. त्यांचा पंप अजून साधा, मेकॅनिकल आहे. एका पान्यानं आणि स्वच्छ फडक्यानं काम होतं. टाकीत निदान निम्मं डिझेल हवं. फिल्टरच्या डोक्यावरचा ब्लीड स्क्रू दोन वळसे सैल कर आणि फीड पंपाचा हाताचा दांडा मारत राहा. आधी फुसफुस होईल, मग पांढरट फेस येईल, मग फेसात मोठे बुडबुडे आणि शेवटी एकसंध, पारदर्शक डिझेलची धार. धार सलग झाली की दांडा मारता मारताच स्क्रू आवळ. हात थांबवून आवळलास तर पुन्हा हवा आत जाते, आणि नवख्या माणसाचं काम नेमकं इथंच बिघडतं. मग इंजेक्शन पंपावरच्या स्क्रूला तेच. तरीही नाही घेतलं तर नोझलच्या नळीचा नट अर्धा वळसा सैल करून सेल मारायचा, डिझेल उसळलं की आवळायचा. तेव्हा हात आणि चेहरा लांब ठेव. मोटारीच्या टायरात २ बारच्या आसपास हवा असते. या नळीत १०० बारच्या वर दाब असतो. सुईसारखी ती धार कातडीतून आत शिरते. वरून टोचल्यासारखं दिसतं, आत मांस सडायला लागतं. असं कधी झालं तर हळद लावत बसायचं नाही, त्याच तासाला मोठ्या इस्पितळात जायचं आणि "दाबाचं डिझेल शिरलंय" असं स्पष्ट सांगायचं.

डिझेलमधलं पाणी ही पावसाळ्याची देणगी. आपल्याकडे डिझेल प्लॅस्टिकच्या कॅनमधून येतं, कॅन उघड्या शेडमध्ये राहतो, अर्ध्या रिकाम्या टाकीत रात्रीचा दमट वारा आत जाऊन भिंतींवर पाणी धरतं. ते तळाशी बसतं, आणि पाणी-डिझेलच्या मधल्या थरात काळपट चिकट शेवाळासारखी घाण वाढते. काचेचा बाउल असेल तर दर आठवड्याला बघ. तळाशी वेगळा थर किंवा तपकिरी गाळ दिसला की खालचा स्क्रू सोडून काढून टाक. टाकीचा तळाचा नटही दसऱ्याच्या पूजेआधी एकदा सोड, अर्धा लिटर डिझेल बरणीत घे आणि तासभर ठेवून बघ. पाणी खाली उतरलेलं स्वच्छ दिसतं. हिवाळ्यात टाकी संध्याकाळी भरायची, सकाळी नाही. भरलेल्या टाकीत दमट हवेला जागाच उरत नाही.

पांढरा धूर येत असेल तर हीटरकडे वळ. कुबोटासारख्या जपानी पद्धतीच्या लहान तीन सिलिंडरच्या इंजिनांत डिझेल आधी एका छोट्या वेगळ्या खोलीत पडतं. त्या खोलीच्या भिंती हवेची बरीच ऊब शोषून घेतात, म्हणून तिथं प्रत्येक सिलिंडरला ग्लो प्लग लागतो. ज्या इंजिनात डिझेल थेट पिस्टनवर पडतं, त्यांतल्या अनेकांना हीटर नसतोच आणि आपल्या थंडीत लागतही नाही. तुझं कुठलं आहे ते पुस्तकात बघ. तीनातला एक प्लग जळाला तर ट्रॅक्टर चालू होतो, पण लंगडत, थरथरत, पांढरा धूर टाकत, आणि मिनिटभरानं सरळ होतो. पुष्कळ लोक याला थंडीचा स्वभाव समजून दोन-दोन हिवाळे तसेच काढतात. प्लगांना जोडणारी पट्टी काढ आणि मल्टिमीटरचं एक टोक प्लगच्या माथ्यावर, दुसरं इंजिनाच्या उघड्या लोखंडावर लाव. एक ओहमच्या आसपास दाखवलं तर प्लग जिवंत. काटा हललाच नाही तर मेलेला. तीनही मेलेले निघाले तर प्लग बदलण्याआधी रिले आणि फ्यूज बघ. एकाच वेळी तिघं क्वचित जातात. नवा प्लग घेताना जुना सोबत ने. लांबी तंतोतंत तीच हवी.

आता जे करायचं नाही ते. एअर क्लिनरच्या तोंडाशी पेटतं फडकं धरायचं नाही. जळके धागे आत जातात, क्वचित फिल्टरच पेट घेतो. हीटर असलेल्या इंजिनात ईथरचा स्प्रे कधीच मारायचा नाही. लाल तापलेल्या प्लगवर ईथर पडला की पिस्टन वर यायच्या आधीच स्फोट होतो, रिंगा तुटतात, कधी पिस्टनच फुटतो. शिवाय ईथरची सवय लागलेलं इंजिन म्हणजे आतून थकलेलं इंजिन. त्याला औषध हवंय आणि आपण चाबूक मारतोय. डिझेलमध्ये रॉकेल मिसळायचं नाही, पंपाला लागणारं वंगण डिझेलमधूनच मिळतं आणि रॉकेलमध्ये ते नाही. आणि गरम इंजिन धुताना इंजेक्शन पंपावर गार पाण्याचा पाइप सोडायचा नाही. आतला प्लंजर इतका नेमका बसवलेला असतो की बाहेरचं लोखंड अचानक आकसलं तर तो जागीच अडकतो.

कॉम्प्रेशनचं दुखणं सगळ्यांत महाग, आणि ते येतं धुळीतून. चेवेल्ला-शंकरपल्लीकडे काळी माती आहे, तांबडीही आहे. कोरड्या दिवसांत रोटाव्हेटर चालला की ट्रॅक्टर आपल्याच धुळीच्या ढगात काम करतो. एअर क्लिनरच्या एका फाटक्या रबरी नळीतून गेलेली धूळ रिंगा आणि लायनर घासून टाकते. गरम झाल्यावर धातू प्रसरण पावून फट थोडी बुजते, म्हणून असं इंजिन दुपारी चांगलं आणि पहाटे हट्टी. किर्लोस्करच्या हँडल मारायच्या इंजिनांवर जुने लोक थकलेल्या इंजिनाच्या हवेच्या वाटेनं चमचाभर ऑइल सोडायचे. रिंगांभोवती तेलाची कड धरायची आणि इंजिन पेट घ्यायचं. त्यातला परीक्षेचा भाग आजही खरा आहे: ऑइलनं चालू होतं म्हणजे रिंगा गेल्या. तू मात्र ट्रॅक्टरवर हे करू नकोस. ऑइल जास्त झालं तर ते दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. त्याऐवजी चालू इंजिनावर ऑइल भरायचं झाकण उघडून बघ. भकाभक वाफ आणि धूर येत असेल तर मिस्त्रीला कॉम्प्रेशन मोजायला सांग. त्याआधी टॅपेट तपासून घे. टॅपेट घट्ट झाले तर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि रिंगा चांगल्या असूनही हवा निसटते. हे दुरुस्त करायला फक्त फिलर गेज आणि एक सकाळ लागते.

तुझ्या एअर क्लिनरमध्ये ऑइलची वाटी असेल तर धुळीच्या दिवसांत ती आठवड्यातून एकदा उघड. तळाशी चिखल बसला की ऑइल बदल, खुणेपर्यंतच भर. कागदी फिल्टर असेल तर तो चाकावर आपटून साफ करायचा नाही. आपटल्यावर कागद घडीत फाटतो, दिसत नाही.

इंजिन ऑइलबद्दल फार सांगायचं नाही. पुस्तकात १५डब्ल्यू-४० म्हटलं असेल तर तेच घाल. ट्यूबवेलच्या इंजिनासाठी आणलेलं ४० नंबरचं जाड ऑइल पडून आहे म्हणून ट्रॅक्टरमध्ये ओतू नकोस. सकाळी सेलला तेच जड जातं. बदलायचं ते तासांच्या मीटरवर आणि वर्षातून एकदा तरी, मग मीटर कितीही कमी फिरलेला असो.

भाताची कापणी झाली की उंदीर शेडमध्ये येतात. इंजिनाची ऊब त्यांना आवडते आणि ते पहिल्यांदा हीटरची आणि सेलची बारीक वायर कुरतडतात. यासंगीच्या, म्हणजे रब्बीच्या, चिखलणीला ट्रॅक्टर बाहेर काढायच्या आठवडाभर आधी एकदा टॉर्च घेऊन सगळ्या वायरी बघून घे. काम अडल्यावर बघायला गेलीस तर मजूर बांधावर बसलेले असतात आणि डोकं शांत राहत नाही.

सुट्या भागांसाठी राणीगंजला जायचं झालं तर दुपारच्या आत जा आणि जुना भाग, इंजिनाचा नंबर आणि ट्रॅक्टरचं मॉडेल लिहून ने. फिल्टर आणि प्लग कंपनीचेच घे, डब्यावरचा नंबर तपासून. कुणी "सेम टू सेम" म्हणून दिलेल्या फिल्टरचा कागद किती धरतो हे बाहेरून कळत नाही आणि वाचलेले पैसे नोझल बदलताना दसपटीनं जातात. रीतसर शिकायची इच्छा असेल तर अनंतपूरजवळ गार्लदिन्ने इथं केंद्र सरकारची शेतीयंत्रांचं प्रशिक्षण देणारी संस्था आहे. महाराष्ट्रातल्या आपल्या भावंडांना मध्य प्रदेशातली बुदनीची संस्था जवळ पडेल. शेतकऱ्याच्या मुलींनी तिथं जावं असं मला मनापासून वाटतं.

एवढं सगळं करूनही पांढरा धूर गेला नाही, बॅटरी ठीक, हीटर ठीक, टॅपेट ठीक, तर मग नोझल आणि पंप टेस्ट बेंचवर लावायची वेळ आली. नोझल स्वतः काढून नेलेस तरी चालेल, तोंडाला स्वच्छ प्लॅस्टिक बांधून. पंपाचं सील मात्र घरी तोडायचं नाही आणि गावातल्या कुणाला तोडूही द्यायचं नाही. ते काम बेंच असलेल्या पंपवाल्याचंच आहे.